मृत्यूचं ठिकाण : खाजणपाडा

(जन्म-मृत्यू नोंदणीची खिडकी. आत कारकून रुचिता. बाहेर खाडीत मासेमारी करणारे आत्माराम आणि त्यांचा भाचा निकेत.)

रुचिता : काका, खाजणपाडा लिस्टमध्ये नाहीये. राई आहे, नवघर आहे. तुमचा पाडा कुठेच येत नाही.

आत्माराम : नीट बघ ना बाय. माझा आजा तिकडं राहला, बाप राहला. लिस्टला सांगायचं राहून गेलं असंल.

रुचिता : नकाशात तिथे पाणी दाखवतंय.

आत्माराम : मंग बरोबर हाय. माझी दुर्गा चालीस वरसं पान्यातच सैपाक करायची. चूल कशी पेटायची ते मना बी कदी कललं न्हाय.

निकेत : मामा, प्लीज. मॅडम, माझा सिल्व्हर पार्कचा पत्ता टाका. बी विंग, सातवा मजला. मामी तिथेच वारली असं लिहा, विषय संपवा.

आत्माराम : तुझ्याकडं ती एकदाच आलेली, वास्तुशांतीला. लिफ्टमदी पाय ठेवला न्हाय, सात मजलं चढली आन् उतरली. आता मरायला परत चढवतोस तिला?

निकेत : रेशनकार्डावरून नाव काढायला दाखला लागतोय. तिसरी फेरी आहे ही. मी हाफ डे टाकून आलोय.

आत्माराम : चुकलंच तिचं. रविवारी मेली असती तर तुझा हाफ डे वाचला असता.

रुचिता : आधीच्या दोन फेऱ्यांत काय झालं, काका?

आत्माराम : एका ऑफिसात बोलले, तुमी शहरात येता. दुसऱ्यात बोलले, तुमी गावात येता. आमी दोनीकडं येतंव बाय. आमच्याकडं कोन येत न्हाय.

रुचिता : डॉक्टरांचं सर्टिफिकेट आहे ना?

आत्माराम : हाय. होडीतून आनला त्याला. पॅन्ट भिजली, पर पाडा दिसला त्याला. लिवलाय बघ.

रुचिता : आणि घराचा पुरावा? लाइट बिल वगैरे?

आत्माराम : हे घे. भरती असो, ओहोटी असो, बिल पोचतं. मतदानाची चिट्ठी बी पोचते. अँब्युलन्स तेवढी चुकते. त्या दिवशी ड्रायवर फोनवं इचारत राहला, रस्ता कुठं हाय. मी बोललो, सापडला तर मना बी सांग.

निकेत : हे मला नव्हतं सांगितलंत, मामा.

आत्माराम : दोनदा फोन केला. तू मीटिंगमदी व्हतास.

निकेत : मॅडम, माझा पत्ता नका टाकू. पाड्याचाच टाका.

रुचिता : 'राहतं घर' निवडलं, तर खाली पत्ता टाइप करता येतोय. पण साहेब विचारतील.

आत्माराम : इचारू दे. बोल, होडी पाठवतो, बघून जा.

रुचिता : बिल आणि सर्टिफिकेट दोन्ही जोडते. खाजन की खाजण?

आत्माराम : आमी खाजन बोलतंव. शिकलेली मानसं ण लावतात. लाव. सरकारी दाखल्यावं पयल्यांदाच लिवलं जातंय, चांगलं दिसू दे.

रुचिता : बसा, सही घेऊन आले. (आत जाऊन परत येते.) हं, झाली. साहेबांनी एवढंच विचारलं, हे आलं कुठे. मी म्हटलं, खाडीवर. हा घ्या दाखला.

आत्माराम : निकेत, वाच रे. चश्मा न्हाय आनला.

निकेत : दुर्गा आत्माराम केणी. मृत्यूचं ठिकाण, राहतं घर, खाजणपाडा.

आत्माराम : बाय, अजून एक कॉपी मिलंल? पाड्यावं समद्यांना बघायचं असंल.