परीक्षेचा पॅन आणि सांडगे

आमच्या सासूबाईंना रिकामं भांडं बघवत नाही. आणि माझी सई युनिव्हर्सिटीत स्टीलपॅन शिकते. म्हणजे पिंपाचा तळ ठोकून खोलगट करायचा, कडेला खालचे सूर बसवायचे, मधोमध वरचे, आणि वाजवायचं. परीक्षेचा पॅन तिने इथे आखातात, मनखूलच्या आमच्या बाल्कनीत ठेवला. सासूबाईंनी त्यात सांडगे घातले.

ऑनलाइन परीक्षा सुरू होणार, तेवढ्यात सई किंचाळली, "आजी, धिस इज माय एक्झाम!"

"मग कडेकडेने वाजव. मी फक्त मधोमध घातलेत."

काढायला वेळच नव्हता. तिने तसंच वाजवलं.

स्क्रीनवरचे दिल्लीचे सर म्हणाले, "नीचे के सुर बढ़िया. ऊपरवाले कहाँ हैं?"

सासूबाई कॅमेऱ्यात डोकावल्या. "सूख रहे हैं. शाम तक हो जाएंगे, इन्शाल्ला."