अंबूबाईंचं उघडं दार

चिंचवडच्या कॅमेऱ्यांच्या दुकानात निशिगंधा बिलासाठी थांबली होती. तिच्या पुढे कंपनीच्या गणवेशातला एक माणूस आणि त्याची बायको उभी होती.

"दारावर मोठाच कॅमेरा घेऊ," तो म्हणाला. "सगळा पॅसेज दिसला पाहिजे. दोनदा कुलूप उचकटायला बघितलंय कुणीतरी."

"सगळ्या पॅसेजमध्ये समोरच्या अंबूबाईंचं दारही येतं."

"येऊ दे की! रोज भांडते ती. आपल्या चपला जिन्यात फेकते."

"अहो, त्यांचं दार दिवसभर उघडं असतं."

"मग लावून घ्यावं तिनं."

"दार लावलं की आत अंधार होतो. त्यांचे यजमान, काका, अंथरुणाला खिळलेत. त्यांना पुढच्याच खोलीत, खाटेवर पुसून काढतात त्या. कपडे बदलतात."

"तुला काय माहीत?"

"परवा तुम्ही शिफ्टला होतात. काका खाटेवरून पडले, तेव्हा हाक मारली त्यांनी. दोघींनी मिळून उचललं. कुणाला सांगू नकोस म्हणाल्या."

"आणि मला सांगितलंस."

"मोबाईलवर दिसण्यापेक्षा सांगितलेलं बरं."

दुकानदाराने निशिगंधाला पुढे बोलावलं. ती त्या दोघांचं ऐकत तिथेच थांबली, तसा तो त्या माणसाकडे वळला.

"साहेब, कुठला काढू?"

"आमच्या उंबऱ्यापुरतंच दिसेल असा द्या. बसवताना अंबूबाईंनाही बोलवू. काय दिसतं ते त्यांनाच बघू दे."

"भांडतील हं त्या."

"भांडू दे. आणि काकांना पुन्हा उचलायचं झालं, तर मला हाक मारायला सांग."

"म्हणजे मी तुम्हाला सांगितलं, ते कळेल त्यांना."

"कळू दे. दोघी बायकांनी किती दिवस उचलायचं?"