नथ घालून की नथ उतरवून?

सांगा बरं मंडळी — नटूनथटून केलेली सेवा देवाला पोचते का? अहो, माना खाली घालू नका! त्या खांबापाशी बसलेल्या काकू नवी साडी नेसून आल्यात. देवासाठी, की शेजारणीसाठी? ...दोघींसाठी म्हणतात! देवाला पण शेजारीण केली! बरं, मग ऐका.

मांडोळी नावाचं एक चिमुकलं संस्थान होतं. तिथल्या राणीसाहेब चंद्रप्रभादेवी — देखण्या अशा, की समोरचा बोलायचं विसरे! गावाबाहेर महारोग्यांची वस्ती होती. तिकडं काळं कुत्रं फिरकत नसे. राणीसाहेब गेल्या! पैठणी, नथ, कोपरापर्यंत बांगड्या — आणि बरोबर फोटोवाला! ठकूबाई म्हणून एक सवाष्ण रोगी होती. तिच्या खाटेवर बसल्या, आपल्या हातानं हळदीकुंकू लावलं. फोटो वर्तमानपत्रात आला. आणि खाली काय छापलं? ‘राणीसाहेबांना नाद सेवेचा, की फोटोचा?’

झोंबलं! झोंबणारच! निव्वळ खोटं झोंबत नाही हो, अर्धं खरं झोंबतं. फोटोवाल्यानं सांगितल्यावर आपण मान जरा वळवली होती, हे त्यांना आठवत होतं. पण ठकूच्या कपाळाला बोट लागलं तेव्हा पोटात तुटलं, तेही खोटं नव्हतं! मग खरं कोणतं? बिचारीला काही उमजेना.

शेवटी ठरवलं — आता साधं जायचं! पांढरं सुती लुगडं. नथ नाही, बांगड्या नावापुरत्या, फोटोवाला नाही. आता कोण नावं ठेवतो बघू!

आणि ठकूबाई? तिनं तोंडच फिरवलं!

“काय झालं गं?”

“राणीसाब, म्या मेले का?”

“अगं, असं काय बोलतेस?”

“मग सुतकाला आल्यावानी का आलासा? घरचे माज्या नावानं आंगूळ करून मोकळे झाले. तुमी नथ घालून आला, कुकू लावलं — वाटलं, जित्ती हाय मी! अन् त्यो फोटूवाला कुटं हाय?”

“फोटो कशाला हवा तुला?”

“माजी हौसा दिल्या घरी हाय. पयल्या फोटूत माजं त्वांड न्हवतं, आता पेपरात दिसंल तिला. राणी बसती, मग लेकीला बसाय काय हुतंय — असं वाटंल. यील.”

घ्या! जी नथ लाजेपायी उतरवली, तीच ठकूला हवी होती!

तिसऱ्या खेपेला पुन्हा पैठणी, पुन्हा नथ, पुन्हा फोटोवाला! तो म्हणाला, “सरकार, इकडं बघा.” राणीसाहेबांनी पाठ फिरवली, आणि ठकूचं तोंड त्याच्यासमोर आणलं. पेपरवाले काय लिहितात? ‘पाठ दाखवण्याची नवी फॅशन!’ आता बोला!

पण हौसा आली हो! नवं लुगडं नेसून, डोईला गजरा माळून आली — आणि पहिला प्रश्न काय? “राणीसाब कवा येणार?”

राणीसाहेब आल्या, तर हौसा धावत पाया पडायला. राणीसाहेबांच्या मनात आलं — आईसाठी आली, की आपल्याला बघायला? त्या ठकूजवळ वाकल्या. “ठकू, ती माझ्यासाठी आली गं. तुला वाईट नाही वाटत?”

ठकूबाई हसली. “कुणासाठी का यीना! सकाळधरनं तुमची वाट बघत बसली न्हवं, ती माज्याच खाटंवर बसली! बसल्या बसल्या माजी येणी घातली तिनं!”

देवाला पोचली का ही सेवा? मला विचाराल, तर खरंच ठाऊक नाही! वेणी मात्र घातली गेली. आता तुमचं सांगा. कुणा भावाच्या, कुणा नणंदेच्या नावानं तुम्हीही आंघोळ करून बसलाच असाल ना? मन निर्मळ झाल्यावर जाऊ, म्हणता — तोवर ते माणूस राहील का? मिरवायला जा, पण उद्याच जा!

आणि काकू, तुम्ही ही नवी साडी नेसूनच जा.