नव्या व्हर्जनचा पहिला मेसेज

नाई नाई, शेखरभाऊ, तुमी आदी बसा. लॅपटॉप मंग उघडजा. मी भांडून नाई राह्यली तुमच्यासंग, हासून राह्यली—हासणं अन् भांडणं माह्याच्यानं एकाच सुरात होते, साऱ्या शेंदूरजनाघाटात विचारा कोणालेही. अमरावतीहून एवढ्या दूर आले, पाणी घ्या. मले एकच सांगा—गेलेला मेसेज वापस बोलावता येते का? नाई? असन नं एखांदं बटन! सकाळी सात वाजताचा आहे, आता अकरा झाले. नाईच म्हणता? बरं. झालं मंग कल्याण.

तुमी म्हणान, शकुनताई, परवाच तं हिशोबाचं नवं व्हर्जन लावून देलं, पंधरा दिवस फुकट वापरा, आवडलं तं पैसे द्या, नाई तं जुनं आहेच—मंग आज सकाळपासून सतरा फोन काहून केले? सांगतो नं. तुमचं नवं व्हर्जन लय हुशार आहे, बापा. जुनं बिचारं मुकं होतं. माह्या मालकाइनं बारा वर्षापैले लावलं, ते गेले, त्याइच्या मांगं नर्सरी बी म्या चालवली अन् ते बी म्याच चालवलं—संत्र्याच्या किती कलमा गेल्या, कोणाले गेल्या, एवढं लिवून घेतलं का गप बसे. हे तं बोलते! तुमीच दाखवलं होतं नं, 'हंगामाची आठवण' म्हणून ते हिरवं बटन? म्या चहा पेता पेता दाबलं. तं त्यानं सगळ्या गिऱ्हाइकाइले एका झपाट्यात मेसेज धाडला—लागवडीचा हंगाम आला, कलमा तयार आहेत, अवश्य या. अन् सुरुवातीले 'प्रिय', अन् फुडं नाव. लेजरात म्या जसं लिवलं तसंच्या तसं नाव!

हासा, हासा. तुमच्या अमरावतीत एका नावाचा एकच माणूस राहत असन. आमच्या वहीत पंजाबराव नावाचे सोळा गिऱ्हाईक आहेत, शेखरभाऊ—सोळा! आडनावावरून ओळखावं तं त्यातले नऊ देशमुख. गावावरून ओळखावं तं एकाच गावात तीन. मंग कसं लिवावं माणसानं? जसं दिसते तसं. पंजाबराव बुलेटवाले. पंजाबराव दोन बायकावाले. पंजाबराव भावपाडे. भावपाडे तं साडेसातलेच फोनवर—'शकुनबाई, म्या केव्हा भाव पाडला वो?' म्या म्हतलं, दरसाल पाडता, भाऊ. मंग म्हणे, बरं, औंदा किती पाडू? घ्या! अन् दोनशे कलमा लिवून घेतल्या म्या त्याच फोनवर. दोन बायकावाल्याइच्या इथून धाकटीचा फोन आला—आपला बी हिशोबात उल्लेख आहे म्हणून बाई खुशीत होती. थोरलीचा अजून नाई आला, त्याची जराशी धाकधूक आहे.

म्हणजे धंद्याचं काही बिघडलं नाई. अंकुर, माहा पोरगा, पुण्यात असते—तो तं फोनवर पोट धरून हासला, 'आई, अपग्रेड करूनच टाक, असी जाहिरात कोणाले जमत नाई' म्हणे. पण एक नाव... जाऊ द्या. काही नाई वो, साधं गिऱ्हाईक आहे. किसनराव म्हणून. इकडचे नाई, नांदगाव खंडेश्वरचे. बायको जाऊन सात वर्षं झाली त्याइची, पोरी आपापल्या घरी. जमीन काळी, कपाशीची, विहिरीले पाणी नाई—त्या वावरात संत्रा होतच नाई, शेखरभाऊ! अन् हा माणूस तीन साल झाले दर महिन्याले येते. दोन एस्ट्या बदलून. पाच कलमा नेते. पाच! भर एप्रिलात कोणी कलम लावते का? हे नेतात. देवळापाशी लावली, शाळेत लावली, आता तं म्हणे सोयऱ्याइच्या अंगणात लावून राह्यले. बोलणं तं काहीच नाई. कलमा निवडत बसतात तासभर, चहा पेतात, 'बरं, येतो' म्हणतात. किसनराव नावाचे बी चार आहेत नं आमच्याकडं, म्हणून ओळखू यावं म्हणून म्या त्याइचं नाव लिवलं होतं... 'उगाच येणारे'.

हाव. 'प्रिय उगाच येणारे.' प्रिय बी अन् उगाच बी! अवो माय, मले तं सकाळपासून एकीकडून लाज अन् एकीकडून हासू, भाकर करपली दोन डाव. मले सांगा, आता येईन का तो माणूस? एवढं वाचल्यावर कोणी येते? अन् आपल्याले काय फरक पडते म्हणा, पाच कलमाइचं गिऱ्हाईक—नाई, पडते. लय पडते. खोटं काहून बोलू! मागं श्रावणात ते आले नाई तं मी रोज त्याइचं पान उघडून पाहे. हिशोब नाई हो, नुसतं पान. मालकाइच्या मांगं कोणाची वाट पाह्यली नव्हती म्या, अन् आता या वयात... अंकुरले नका सांगजा.

थांबा, वाजला. त्याइचाच आहे! तुमीच वाचा—नाई, आना इकडं, मीच वाचतो. चष्मा कुठं गेला... 'शकुनबाई, मेसेज भेटला. आज कलमा नको. बोलाचं आहे. मोर्शी सोडली.'

मोर्शी सोडली! म्हणजे शेवटची एस्टी धरली, तासाभरात—अवो, तास बी लागत नाई! शेखरभाऊ, करून टाका अपग्रेड. एक साल नाई, तीन सालाचं करा. काय? नाव? 'उगाच येणारे' खोडून कोणतं लिवू? मले काय विचारता, मले काय माहीत, कोरं ठेवा! ते मंग पाहू. हे लॅपटॉप घ्या, हे वायर घ्या तुमचं, पैसे अंकुर धाडन. जेवून? नाई, आज नाई, फुडच्या वेळेस पोटभर जेवा. अवो उठा नं, शेखरभाऊ, मले साडी बदलाची आहे!