कपडे बदलायच्या खोलीत

लक्ष्मीकांत : गाडीतून उतर ने आता. नवीन सर आत वाट बघतायत. तुझा पाय बघून मग व्यायाम ठरवणार आहेत.

मोहना : मला घरी जायचंय, बाबा.

लक्ष्मीकांत : निजामपुऱ्यापासून इथवर गप्प बसून आलीस, आणि मैदानाच्या फाटकाशी आल्यावर घरी जायचंय?

मोहना : आत संपदाताई आहेत. त्यांची स्कूटर बघा.

लक्ष्मीकांत : असू दे. सामान न्यायला आल्या असतील. आपण कशाला तोंड लपवायचं? त्यांनी लपवावं. निवडीच्या शर्यतीच्या तोंडावर पोरीला उड्या मारायला लावल्या आणि मांडीचा स्नायू फाटला. मी तक्रार केली नसती तर अजून शिकवत बसल्या असत्या.

मोहना : मी उड्या मारल्याच नव्हत्या.

लक्ष्मीकांत : म्हणजे?

मोहना : त्या दिवशी ताईंनी सांगितलेलं काहीच केलं नाही मी. गुडघे वर घेऊन पळणं नाही, लांब टांगा नाहीत, शेवटच्या उड्याही नाहीत. त्या बाकीच्या मुलींबरोबर होत्या, मला म्हणाल्या, पायऱ्यांसमोरच्या मोकळ्या जागेत करून ये. मी कपडे बदलायच्या खोलीत जाऊन बसले. नाव पुकारल्यावर बाहेर आले. त्यांनी विचारलं, सगळं झालं? मी हो म्हटलं.

लक्ष्मीकांत : मला वाटलं, मागच्या बाजूला जाऊन करतेयस. डिसेंबरच्या गारठ्यात नुसती बसून राहिलीस? निवडीच्या दिवशी?

मोहना : हो.

लक्ष्मीकांत : मग दवाखान्यात मी विचारलं तेव्हा का नाही बोललीस?

मोहना : तुम्ही विचारलं नव्हतंत. तुम्ही डॉक्टरांना सांगत होतात की हे त्या उड्यांनीच झालं. मग माझ्याकडे बघून म्हणालात, बराबर ने? मी मान हलवली. मला वाटलं, तेवढ्यावर संपेल. तुम्ही तक्रार कराल, त्यांचं शिकवणं बंद होईल, हे नव्हतं आलं डोक्यात. नंतर रोज ठरवायचे, आज सांगते. आणि जेवायला बसलो की तुम्ही त्यांनाच बोलत असायचात.

लक्ष्मीकांत : पण का, मोहना? या व्यायामांनी वेग वाढला म्हणून तूच तर घरभर सांगत फिरायचीस. पाय नुसता गरम होऊन भागत नाही, जागा व्हावा लागतो, असं काहीतरी.

मोहना : जाऊ द्या.

लक्ष्मीकांत : जाऊ कसं देऊ? मी एका बाईचं काम घालवून बसलोय.

मोहना : शरद पुनमेला सोसायटीत सगळे दूध-पोहे खात होते, तेव्हा तुम्ही उठून माझ्या उड्यांची नक्कल केलीत. गुडघे छातीला लावून, जीभ बाहेर काढून. ही आमची बेडकी बडोद्याचं नाव काढणार, म्हणालात. भास्करकाका हसून हसून खुर्चीवरून पडायचे राहिले. त्यांनी ते फोनवर घेतलं आणि ग्रुपवर टाकलं. तिथून ते माझ्या शाळेत गेलं. मग मैदानावर मी गुडघा उचलला की कुणीतरी डराव करायचंच. निवडीच्या दिवशी वर बघितलं तर पायऱ्यांवर तुम्ही बसलेले, शेजारी काका, काकांच्या हातात फोन. तुम्ही मला हात केलात.

लक्ष्मीकांत : मला तुझं कौतुक होतं गं. चार लोकांना हसवावं म्हणून केलं मी.

मोहना : माहितेय. हसले ने सगळे.

लक्ष्मीकांत : मला एका शब्दाने बोलायचं होतंस.

मोहना : लाज वाटली. एवढंसंही सहन होत नाही हिला, असं म्हणाला असतात.

लक्ष्मीकांत : म्हणालो असतो. खरंय.

(संपदा खांद्यावर पिशवी अडकवून, स्कूटर ढकलत फाटकातून बाहेर येते.)

संपदा : नमस्कार. गाडी जरा मागे घेता का? स्कूटर निघत नाहीये.

लक्ष्मीकांत : संपदाताई, दोन मिनिटं थांबा. माझ्याकडून फार वाईट झालंय. हिने त्या दिवशी उड्या मारल्याच नव्हत्या. गार अंगाने धावली. आणि तेसुद्धा माझ्यामुळे. मी तुमच्याबद्दल जे लिहून दिलं, ते सगळं खोटं ठरलं.

संपदा : मला शंका होती.

लक्ष्मीकांत : मग तुम्ही काहीच का बोलला नाहीत?

संपदा : काय बोलणार? ही रेषेवर येऊन उभी राहिली तेव्हा कपाळावर घामाचा टिपूस नव्हता. मी बघितलं होतं. हिला बाजूला घ्यायला हवं होतं. ही हो म्हणाली, नाव पुकारलं गेलं होतं, मी सोडलं तिला. मुलगी खाली पडल्यावर मग कुठल्या तोंडाने सांगू, की माझी चूक नाही म्हणून?

लक्ष्मीकांत : मी आत्ता आत जाऊन सगळं सांगतो. ते तुम्हाला परत बोलावतील.

संपदा : सांगा. सांगायलाच हवं. पण मी सोमवारपासून पाणीगेटजवळच्या एका शाळेत जातेय. लहान मुली आहेत तिथे. इथे परत पाऊल टाकायचं मन नाही माझं.

मोहना : ताई, मी तुमच्याशी खोटं बोलले.

संपदा : हो. बोललीस. दुखतं का अजून?

मोहना : जिना चढताना.

संपदा : मग अजून पळायचं नाही. कुणी कितीही सांगितलं तरी.

मोहना : बरं झाल्यावर तुमच्या शाळेत येऊ?

संपदा : आत्ता नको विचारूस. मला राग आहे अजून.

मोहना : बरं.

लक्ष्मीकांत : घेतो गाडी मागे. हां, निघेल आता. या, ताई. मोहना, तू बस, मी आत जाऊन येतो.

मोहना : मीपण येते.

लक्ष्मीकांत : सगळे असतील तिथे.

मोहना : हो. हळू चाला जरा, बाबा.