मोकळी केलेली जागा

— नाही नाही काका, त्या स्टुलावर नका बसू, डुगडुगतं ते, ह्या खुर्चीत बसा — नि चपला राहू देत पायात, कॉम्प्युटरच्या खोलीत काढायच्या असतात खऱ्या, पण आता कोण पाळतंय — हां. तर तुम्ही महिपतचे वडील. मी विमला दामले. दोन वर्षं ह्याच खोलीत शिकवलं आम्ही, तो नि मी. घरी बोलला असेल कधी — नाही? हल्ली बोलतच नाही? कुणाशीच?

वह्या आहेत हो सगळ्या, कपाटातच आहेत, देते. पण करतो काय तो त्यांचं? — अजून ती चूक शोधतोय? — अहो, ती समिती येऊन गेली त्याला शिमग्याला वर्ष होईल, नि हा अजून — होडीवर जात नाही, जेवायला हाक मारली तर ऐकू येत नाही, नुसता कागदावर खरडत बसतो — अरे देवा.

कसं सांगू तुम्हाला. मशीनला आपली भाषा कळत नाही ना, मग आपण लिहिलेलं त्याच्या भाषेत करून द्यायला मध्ये एक दुभाष्या लागतो, तो कंपायलर. महिपत तो मराठी शब्दांसाठी लिहीत होता. 'जर', 'तर', 'नाहीतर' — अक्षरं इंग्रजी, पण शब्द आपले. का, तर गावातली हुशार पोरं इंग्रजीला अडून कोर्स सोडत होती. लहान प्रोग्राम झकास चालायचे, मोठा घातला की मशीन जागच्या जागी गप्प. का, तर आत लक्षात ठेवायला जागा बेताची, म्हणून प्रोग्रामच्या एका भागाचं काम झालं की त्याची जागा मोकळी करून दुसऱ्याला द्यायची. पण काम व्हायच्या आधीच मोकळी केली तर? पहिला अजून तिथलंच वाचतोय नि दुसरा त्यावरच लिहितोय — झाला सत्यानाश! आणि मेलं दुखणं असं, की चूक असते एका पानावर नि मशीन बंद पडतं भलत्याच पानावर. कुठे पडतंय ते बघायला त्याने मध्ये एक ओळ घातली, तर पडायचंच थांबलं — ओळ काढली, पुन्हा पडलं. पाच महिने, काका. डोळे खोल गेले त्याचे. मी म्हणायचे, सोड रे, तर म्हणायचा, "बाई, पडतंय म्हणजे चूक आहे, नि आहे म्हणजे कुठेतरी आहेच."

मग त्याचा कंपायलर तपासायला मुंबईची समिती आली. चार माणसं, ह्याच टेबलाशी. त्यांनी नेमका मोठा प्रोग्राम मागितला — नि पडलं. एकजण तर हसला. प्राचार्यांनी विचारलं, चूक कोणाची? महिपत म्हणाला, "माझीच, सर." मला कुणी विचारलंसुद्धा नाही. आणि पक्की नोकरी एकालाच मिळायची होती हो, मुलाखत आठ दिवसांवर — नाही, त्याचा ह्याच्याशी काही संबंध नाही, मी आपलं सहज सांगितलं.

काय? मला का विचारायला हवं होतं? — कारण तो जागा मोकळी करायचा भाग... मी लिहिला होता. चाळीस पानं. स्वतःचं सगळं त्याने दहादा उलटंपालटं केलं, पण माझ्या पानांना हात लावला नाही. "बाईंचं काम चोख असतं," पोरांना सांगायचा — मला ऐकू यायचं. मला कधी कळलं? समिती यायच्या आधीच्या शनिवारी. दुपारी, एकटीच होते. एक ओळ, दोन ओळी खाली हवी ती वर पडलेली, बस. पेन हातातच होतं. वाटलं, सोमवारी सांगू. सोमवारी वाटलं, मुलाखत होऊन जाऊ दे. मग नोकरी मला मिळाली — आता कुठल्या तोंडाने सांगायचं? माझ्याही घरी मिळवतं दुसरं कोणी नाही हो.

दुरुस्त? केलं ना. मागाहून, दोन मिनिटांत. आता कितीही मोठा प्रोग्राम घाला, पडत नाही. पण घालणार कोण? समितीने नको म्हटलं, मुंबईहून तयार कंपायलर आला, इंग्रजीतला, पोरं तोच घोकतात. ज्यांना घोकता येईना ती गेली.

काका, असे बघू नका. — ती चाळीस पानं? ती नाहीत ह्या वह्यांच्या गठ्ठ्यात. मी काढून ठेवलीत. दिली तर तासाभरात सापडेल त्याला, नजरच तशी आहे त्याची. पण सापडून काय? नोकरी मिळणार आहे? समिती परत येणार आहे? उलट कळेल की ज्या बाईचं काम चोख म्हणायचा, तिनेच — नाही. शोधू दे. शोधतोय तोवर निदान —

हात कशाला पुढे करताय? नाही देणार म्हटलं ना. — अहो, रडू नका, कोणीतरी येईल इथे. — उचला तो गठ्ठा. उचला. माझा तास आहे आता, जा तुम्ही.