ॲलर्जीचा रकाना

आजच्या माझ्या निरोप समारंभाच्या अध्यक्ष, आपल्या रुग्णालयाच्या अधीक्षक डॉक्टरबाई, व्यासपीठावरचे सन्माननीय पाहुणे, नवी संगणकप्रणाली घेऊन आलेले कंपनीचे साहेब, मेट्रन सिस्टर, नोंदणी खिडकीवरचे माझे सहकारी, आणि तिसऱ्या रांगेतून मला घड्याळ दाखवणारी आमची मंडळी, सर्वांना माझा नमस्कार.

सिस्टरांनी आत्ता माझं फार कौतुक केलं. फायली लावायला आलेला माणूस, रद्दीतल्या पुस्तकावरून संगणक शिकला, इथले सगळे फॉर्म त्यानेच बनवले, वगैरे. खरं आहे. पण एक गोष्ट त्यांनी पोटात ठेवली. ती मीच सांगतो.

आठ वर्षांपूर्वी एक शिक्षिका फोन नंबर बदलायला खिडकीवर आल्या. आमच्या ताईंनी दुरुस्तीचा फॉर्म उघडला. नाव, पत्ता, वय, सगळं जुन्या नोंदीतून आपोआप भरून आलं. औषधाच्या ॲलर्जीचा रकाना तेवढा भरून येत नव्हता. त्यातली यादी कायम आपली पहिल्या ओळीवर उभी. पहिली ओळ होती, ‘ॲलर्जी नाही’. ताईंनी नंबर बदलला, सेव्ह केलं, आणि नोंदीतली पेनिसिलिनची ॲलर्जी पुसली गेली. सदरा बटण लावायला द्यावा आणि शिंप्याने बाही कापून परत करावा, तसं. शिंपी अर्थात मी.

चार महिन्यांनी त्याच बाई वॉर्डात दाखल झाल्या. याच सिस्टर, तेव्हा वॉर्डात होत्या, इंजेक्शन घेऊन उभ्या. त्यांची सवय अशी, की कागदावर काही असो, तोंडाने विचारायचं. “कुठलं औषध सोसत नाही का हो?”

“पेनिसिलिन. तुमच्याकडे लिहून दिलंय की मी.”

सिस्टर तडक खाली आल्या, माझ्या टेबलावर कागद ठेवला आणि म्हणाल्या, “भाऊ, तुमचा फॉर्म एक दिवस माणूस मारेल.”

त्या फॉर्ममधून दोनशे बारा नोंदी दुरुस्त झाल्या होत्या. एकोणीस दिवस कागदी फायली काढून एकेक ताडून पाहिली. सतरा ॲलर्ज्या गेलेल्या निघाल्या. सतराही घरी मी स्वतः फोन करून चूक सांगितली. मग फॉर्म बदलला. उघडला की नोंदीत असेल तेच दिसणार. पूर्वी विचारलंच नसेल, तर जागा कोरी दिसणार, आणि कोरी ठेवून सेव्ह होणार नाही. ‘ॲलर्जी नाही’ हेसुद्धा विचारूनच निवडायचं. खिडकीवर कुरकुर झाली, “भाऊ, रांग वाढते.” म्हटलं, वाढू दे.

आता मुद्द्याचं. सोमवारी नवी प्रणाली सुरू होतेय. परवा मी तिच्यात माझीच नोंद उघडली, पत्ता बदलला, सेव्ह केलं. माझी सल्फाची ॲलर्जी गायब. साहेब म्हणाले, “काका, किरकोळ आहे, पुढच्या आवृत्तीत बघू.” साहेब, तुमचं काम माझ्यापेक्षा कितीतरी देखणं आहे, मनापासून सांगतो. पण पुढची आवृत्ती यायच्या आत कुणाला इंजेक्शन द्यायची वेळ आली तर? प्रत्येक खाटेपाशी आमच्या सिस्टरच असतील का?

डॉक्टरबाई हळूच म्हणतायत, “भाऊ, हे उद्या बोलू.” उद्या मी पेन्शनर, बाई. घरात कुणी ऐकत नाही, इथे कोण ऐकणार?

‘प्रणाली तपासून ताब्यात घेतली’ असा कागद माझ्या सहीसाठी चार दिवस पडून आहे. माझी नोकरी आज सहापर्यंत आहे. आत्ता चार वाजलेत. खाली मशीन चालू आहे, मी जोडीला बसतो. रकाना दुरुस्त झाला तर आनंदाने सही करीन. नाही झाला, तर सहीच्या जागी कारण लिहून जाईन, आणि ते वाचल्याशिवाय कुणाला पुढे जाता येणार नाही.

इतकी वर्षं तुम्ही मला सांभाळून घेतलंत, त्याबद्दल सर्वांचा ऋणी आहे. हारतुऱ्यांच्या वेळी कामाचं रडगाणं गायलो, कुणाला शब्द लागला असेल, तर म्हाताऱ्याचं बोलणं म्हणून पोटात घाला.

चला साहेब. जिना उजव्या हाताला आहे.